मळक्या दिनारांचा भाव

रोज संध्याकाळी बातम्या लागल्या की शशिकलाचं डोकं उठायचं. तिचा नवरा कमळाकर रेडिओला कान लावून बसायचा. बातम्यांत कुवेतचं नाव आलं तरी बसायचा आणि नाही आलं तरी बसायचा. इकडे पळस्प्याच्या रस्त्याला लागून त्यांचं नवं घर उभं होतं. भिंती झाल्या, खिडक्या बसल्या, आणि वर छपराच्या जागी निळं प्लास्टिक. येणारा-जाणारा बघून हसायचा.

छप्पर अडलं होतं ते दिनारावर. कमळाकर सहा वर्षं कुवेतला ट्रक चालवत होता. तिथला एक दिनार म्हणजे इथले साठ रुपये, त्याच भरवशावर घर काढलं. आणि नव्वद सालच्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळला. कालपर्यंत एका कुवेती दिनाराला इराकचे डझनभर दिनार मोजावे लागत. इराकने हुकूम सोडला, दोन्ही सारखेच. असं म्हटल्याने कुठे सारखं होतं का? पण हातात बंदूक असली की होतं. कमळाकर अम्मानमार्गे कसाबसा घरी पोचला तो बिस्किटांचा डबाभर दिनार घेऊन. इथे एक बँक त्यांना हात लावेना. देशच उरला नाही तर त्याच्या नोटेला कोण विचारतो?

डब्यात दोन थर होते. खाली मळक्या नोटा, छपरासाठी पगारातून बाजूला टाकलेल्या. वर कोऱ्या करकरीत. निघताना त्याने टीव्ही, फ्रिज आणि जुनी गाडी इराकी शिपायांना विकली होती, त्यांनी नव्या बंडलातून काढून दिलेल्या.

पनवेलच्या बाजारात आखातात माणसं पाठवणारा एक एजंट होता, विनायक. तो दिनार घ्यायचा, पण सात रुपयांनी.

"सात तर सात," शशिकला म्हणायची. "छप्पर तरी पडंल."

"साठाची वस्तू सातला देऊ? कुवेत परत उभा राहील. थांब जरा."

"तवर आमी प्लास्टिकखाली ऱ्हावू? जल्ला तो कुवेत."

थांब, थांब, थांब. ऐकून ऐकून तिचे कान किटले. जाऊबाई मैना तर नळावर मुद्दाम विचारायची, "काय गो, दिनार उठला का झोपंतून?" शशिकलाला हसता येईना की रडता येईना. हंडा उचलून ती तरातरा निघून यायची आणि सगळा राग भांड्यांवर काढायची.

जानेवारीत तिकडे लढाई पेटली आणि तिचा धीर सुटला. उद्या सातही मिळणार नाहीत असं बाजारात जो तो म्हणत होता. कमळाकर कळंबोलीला लोखंड वाहणाऱ्या ट्रकवर गेला होता. तिने डबा उघडला आणि कुठल्याही घरातली बाई करते तेच केलं. कोऱ्या नोटा बाजूला ठेवल्या, मळक्या उचलल्या. मळकी नोट भाजीवाल्याला द्यायची आणि कोरी लक्ष्मीपूजनाला राखायची, हे ती आईच्या हाताखाली शिकली होती.

विनायकने नोटा बघून नाक मुरडलं. "वहिनी, फारच मळल्यात. कोऱ्या असतील तर आणा, सात देतो. ह्यांना सहा."

"सहा तर सहा," ती म्हणाली. कोऱ्या द्यायला ती काय येडी होती? चांगला माल घरात राहिला, ह्या समाधानात ती परतली.

पत्रे आले, चढले. गंठण गहाण टाकलं, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं. तो ओशाळला. माझ्यापायी तुझ्या अंगावरचं गेलं, असं सारखं म्हणू लागला, आणि त्याने तिची जास्तच चिडचिड व्हायला लागली.

फेब्रुवारी सरता सरता कुवेत सुटला. जुलैत सरकारने एकाच आठवड्यात दोनदा रुपया उतरवला. अख्खा देश कपाळाला हात लावून बसला असताना कमळाकर एकटा खूश होता, कारण दिनार नव्वदला टेकला होता. कुवेतने नव्या नोटा काढल्या होत्या आणि जुन्या बदलून घ्यायला सप्टेंबरअखेरची मुदत होती. तो मुंबईला चौकशी करून आला, तो दारातूनच बोलत.

"शशे, सगळ्या नाय घेणार. इराक्यांनी तिथली सरकारी बँक लुटली ना, त्या लुटलेल्या कोऱ्या नोटांचे नंबर बाद केलेत. शिपायांनी दिलेल्या गेल्या. जाऊ दे. पण पगाराच्या जुन्या सगळ्या चालतील, पुऱ्या भावाने. पहिलं तुझं गंठण सोडवू. मग हे पत्रे काढून स्लॅब टाकू."

शशिकला चुलीपाशी उभी होती, तिथेच राहिली. त्याने फळीवरून डबा काढला, झाकण उघडलं, कोऱ्या नोटा उचलल्या आणि खाली हात घातला.

"मळक्या कुठं हायेत?"

"इकल्या. सहानं." तिचा आवाज चढला. "गंठण हाय घरातच. रोज तुमचं थांब थांब ऐकून डोकं फिरलं माझं. आन् चांगल्या राखल्या ना मी? बघून बघून चांगल्या राखल्या."

तो ओरडेल म्हणून ती वाट बघत होती. ओरडला असता तर द्यायला तिच्याकडे पुष्कळ उत्तरं होती. त्याने वर पत्र्यांकडे पाहिलं. मग त्याने कोऱ्या नोटा नीट जुळवून डब्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि डबा तिच्या हातात दिला.

"लक्ष्मीपूजनाला ठेव," तो म्हणाला. "कोऱ्या हायेत."