काळूरामची हाळी

"भिंत घाल आत्या. सरळ भिंत," विशाल म्हणाला आणि त्याने लॅपटॉप अनिताकडे वळवला. "हे बघ. शंभरातले बावन्न लोक ब्लॉकर लावून आपलं पान बघतात. जाहिरात त्यांना दिसतच नाय. मग पैसे कुठून येणार? आपण लिहायचं, आधी ब्लॉकर बंद करा, मगच भरतीची वेळ दिसेल."

"भरती काय माझ्या मालकीची हाय?"

"वेबसाइट तर तुझी हाय ना?"

"वेबसाइट माझी. पाणी सगळ्यांचं. दुसरं काय तरी सांग."

"मग वर्गणी लाव. महिना वीस रुपये."

"मिठागरावरचा माणूस वीस रुपये भरून भरती बघंल? त्यापेक्षा खाडीत उतरून बघंल तो."

विशालने कपाळाला हात लावला. पेणला त्याचं मोबाइलचं दुकान होतं, आणि आत्याची वेबसाइट त्यानेच उभी करून दिली होती. पण आत्याचा हट्ट त्याला त्याच्या जन्मापासून ठाऊक होता.

अनिता घरत पन्नाशीला टेकलेली. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बावीस वर्षं ती लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करत आली होती. ते पोटासाठी. जिवासाठी तिने सहा वर्षांपूर्वी 'उधाण' नावाचं पान सुरू केलं. पेणच्या खाडीपासून थेट रोह्यापर्यंत भरती कधी, ओहोटी कधी, कुठल्या उघाडीची झडप अडकली, सगळं सकाळी सातच्या आत पानावर. खाडीकाठची भातशेती मातीच्या बांधावर जगते आणि बांधातल्या उघाडीवर. ओहोटीला ती पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला खारं पाणी बाहेर ठेवते. तिची झडप निकामी झाली की शेत गेलंच म्हणायचं.

हे वेड बापाकडून आलेलं. काळूराम मिठागरावर कामाला होता. उधाणाच्या दिवशी तो बांधावरून चालत हाळी घालायचा आणि ती दोन गावं ऐकायची. "उधाण हाय वोऽऽ, पाणी चढतंय, बांधावर या, आन् कान्हूकडं बियाणं उरलंय, लागंल त्यानं न्या वोऽऽ." पाणी आणि बियाणं एकाच दमात. काळूराम गेल्यावर काही वर्षं कोणी ना कोणी थाळी बडवत फिरायचं. मग अनिताचं पान आलं आणि थाळीही बंद पडली. याचा तिला अभिमान होता.

भिंत नको म्हटल्यावर तिने वाचकांना विनंती लिहिली. "सदर पानाच्या वाचकांस नम्रपणे कळविण्यात येते की, त्यांनी आपल्या फोनमधील ब्लॉकर बंद करावा." विशाल हसून म्हणाला, खाली तहसीलदाराचा शिक्का तेवढा राहिला. महिनाभरात चौघांनी ब्लॉकर बंद केला आणि त्यातला एक विशाल होता. तेव्हापासून उरलेल्यांना अनिता चारचौघांत 'फुकटे' म्हणू लागली.

श्रावणातल्या अमावास्येला सकाळी सातला रघूचा फोन आला. रघूची जमीन बांधाला लागून होती.

"अनिताताय, उघाडीची झडप निखळलीय. भरतीच्या आत बुजवली नाय तर काय खरं नाय. चाळीस माणूस तरी पायजे."

अनिताने क्षणभरही विचार केला नाही. पानाच्या डोक्यावर मोठी चौकट होती, तिच्यात पेणच्या एका सोनाराची जाहिरात झळकायची. ती तिने काढून टाकली आणि तिथे लाल ठळक अक्षरांत लिहिलं, "झडप तुटली आहे. पेंढा, फावडी घेऊन अकराच्या आत बांधावर या." सगळ्यात मोक्याची जागा तीच. सोनार बोंबलला तर बोंबलू दे, असं म्हणून ती कामाला गेली.

बांधावर माणसं आली अठरा. पलीकडच्या पाड्यावरून, म्हणजे जिथे सर्वांत आधी पाणी शिरणार तिथूनच, एकही आलं नाही. अठरा जणांनी चिखलात उभं राहून उघाडी बुजवली, पण ती बुजेपर्यंत भरतीने आपलं काम उरकलं होतं. बाकीची शेतं वाचली. तळातलं, त्याच पाड्यावरच्या पोपटचं बुडालं.

दुसऱ्या दिवशी पोपट तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. पासष्टीचा काटक माणूस, काळूरामच्या हाताखाली मीठ ओढलेला. तो ओरडला असता तर अनिताला सोपं गेलं असतं.

"तुझ्या पानावर काय नव्हतं गो," तो म्हणाला.

"होतं काका. सगळ्यात वर होतं. लाल अक्षरांत." तिने फोन काढून दाखवला. चौकट अजून तशीच होती.

पोपटने आपला फोन तिच्या फोनशेजारी ठेवला. तेच पान, पण वरची जागा पांढरी, कोरी. खाली भरतीच्या वेळा.

"सातला बघितलं. साडेआठला बघितलं. भरती बारा पन्नास, एवढंच. मंग मी पेज पिऊन बसलो."

अनिताने त्याचं पान पुन्हा पुन्हा उघडलं. समोरचा पक्षकार खोकला, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"ब्लॉकर आत काय लिहिलंय ते वाचत नाय, आत्या," संध्याकाळी विशाल खालच्या मानेने म्हणाला. "जाहिरातीची चौकट दिसली की अख्खी चौकट गायब करतो. तू नेमकं तिथंच लिहिलंस."

तिचा सगळा राग मग प्रविणवर गेला. प्रविण पोपटचा मुलगा, डोलवीला कंपनीत कंत्राटावर. तिने त्याला फोन लावला. "तू घातलंस ना ते बापाच्या फोनात?"

"व्हय काकी, मीच. पाड्यातल्या सगळ्या फोनांत घातलंय," प्रविण शांतपणे म्हणाला. "तुमच्या पानावर कर्जाची जाहिरात यायची. बाबांचं बोट लागलं, ते ॲप फोनात शिरलं आणि फोनातली सगळी नावं घेऊन गेलं. एक पैसा घेतला नाय बाबांनी. तरी 'कर्ज फेडा' म्हणून माझ्या सासऱ्याला महिनाभर शिव्यांचे फोन येत होते."

"माझ्या पानावरनं?"

"तुमच्याच. मग काय करायचं आमी?"

आपल्या पानावर कुठल्या जाहिराती येतात, ते तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. एक सोनार सोडला तर बाकी सगळ्या कुठून तरी आपोआप यायच्या, महिन्याला पैसे जमा व्हायचे आणि सर्व्हरचं भाडं सुटायचं. ज्यांना ती फुकटे म्हणत होती ते आपलं दार लावून बसले होते, कारण तिच्या दारातून चोर शिरत होता.

रविवारी ती पोपटच्या शेतावर गेली. भाताचं कोवळं आवण करपून पिवळं पडलं होतं आणि बांधाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उठली होती. पोपटची बायको हौसा तिथेच बसली होती.

"तीन वरसं भात नाय आता," हौसा म्हणाली.

"चूक माझी हाय, काकी."

हौसाने 'असू दे' म्हटलं नाही. ती तशी बाई नव्हती. शेताकडे बघतच ती म्हणाली, "तुझ्या बापाची हाळी, कानांत बोटं घातली तरी ऐकू यायची गो."

हे वाक्य अनिताला लागलं, आणि त्यानेच तिला उठवलंही. घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

"सगळ्या चौकटी काढ," तिने विशालला सांगितलं. "एक पण ठेवू नको."

"आणि भाडं? पान बंद पडंल, आत्या."

"पडलं तर माझ्या हातानं पडंल. मला तीन महिने दे."

पानावर तिने आधी चूक लिहिली. नेहमीची कचेरीतली भाषा सोडून साध्या शब्दांत लिहिलं की, झडपेची खबर मी जाहिरातीच्या जागी लिहिली, ती निम्म्यांना दिसली नाही, पोपटकाकांचं शेत गेलं. ब्लॉकर लावणाऱ्यांना मी नावं ठेवली, ते बरोबर होते. मग चपला घालून ती बाहेर पडली. शनिवार-रविवार जाहिराती मागत दुकानं धुंडाळायची, पेणची झाली की तिथूनच गाडी धरून रोह्याला. रोह्यात शांतीचं जाळी-दोरीचं दुकान होतं.

"फोटो नाय? हलणारं काय नाय?" शांतीने विचारलं.

"नाय. एक ओळ. मी लिहिणार, माल बघून. खोटं लिहिणार नाय, आणि पैसे घेतलेत तेही लिहिणार."

"मग लोक कशाला वाचतील बाय?"

"भरती वाचायला येतात ते. तुझी दोरी भरतीच्याच वाक्यात बसंल."

शांतीने तिला वेड्यात काढलं आणि दोरी दाखवली. दुसऱ्या सकाळी पानावर ओळ आली, "आज भरती दुपारी दोन दहाला, वारा जोराचा आहे तेव्हा होडी बांधून ठेवा, आणि दोरी जुनी असेल तर रोह्यात शांतीकडे नवी आली आहे, मी ओढून पाहिली, गाठ सुटत नाही (ही जाहिरात आहे, पैसे घेतले आहेत)."

विशालने पाच वेगवेगळे ब्लॉकर लावून ते पान उघडलं. पाचांतही दोरी दिसली.

निडीचा एक जमीनवाला तिचं टेबल शोधत आला. खाडीलगत प्लॉट विकायचे होते, आणि तो बाकी सगळ्या दुकानांचे मिळून होतील तेवढे पैसे द्यायला तयार होता.

"पाण्याखालची जमीन विकतोस," अनिता म्हणाली, "आणि पाण्याच्या वेळेशेजारी जाहिरात मागतोस? पुढे चल." वर्षाचं भाडं समोरून चालत गेलं आणि विशालने दोन दिवस आत्याशी अबोला धरला. पान मात्र बंद पडलं नाही. ओढाताणीत चाललं, पण चाललं.

माघात एका दुपारी पोपट पुन्हा टेबलासमोर उभा राहिला. अनिता खुर्चीवरून उठली.

"बस गो. जाहिरात द्यायची हाय," तो म्हणाला. "शेताचं तळं केलं. जिताडा माशाची पिल्लं सोडलीत. मोठी व्हायला वेळ हाय, पण लोकांना आत्तापास्नं ठावं पायजे."

"तुमचे पैसे मी घेणार नाय, काका."

पोपटने खिशातून घडी घातलेली नोट काढली आणि तिच्या स्टॅम्पपॅडखाली सरकवली. "घे. तू आमाला फुकटे म्हणायचीस. समदं आयकू यायचं आमाला."

अनिताने फोन घेतला, लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग पान चढवून त्याला म्हणाली, "बघा. ब्लॉकर काढायला नको."

"काढणार बी नाय," पोपट म्हणाला आणि त्याने आपला फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला. त्याला मनात वाचता यायचं नाही. कचेरीबाहेरच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली, तरी तो मोठ्याने, न थांबता वाचत गेला.

"आज भरती दुपारी एक वीसला, उधाण आहे, बांधावर नजर ठेवा, आणि माझ्या चुकीने बुडालेल्या शेतात पोपटकाकांनी तळं केलं आहे, जिताडा पुढल्या साली मिळेल..."

'माझ्या चुकीने' हे शब्दही त्याने गाळले नाहीत.