उत्तरांचं आसन

विहाराच्या पठणाच्या दालनात आसनं जोडीजोडीनं मांडलेली होती, समोरासमोर, मधे हातभर जागा सोडून. एकूण साठ जोड्या. तीन वर्षांच्या दुष्काळानंतर त्यांतल्या एकोणीस आसनांवर माणसं उरली होती. रिकामी आसनं कुणी उचलली नव्हती; रोज सकाळी ती झटकून पुन्हा जागच्या जागी ठेवली जात. भरदुपारी त्या दालनात पाऊल टाकलं की वाटायचं, आपण उशिरा आलोय आणि आपल्याला बघून सगळे बोलायचे थांबलेत. लेखनिकाला पहिल्याच दिवशी तसं वाटलं आणि त्यानं उगाचच खाकरून घेतलं.

तथागत गेले तेव्हा त्यांचं एक अक्षरही कुठं लिहिलेलं नव्हतं. शिष्य एकत्र बसले, ज्याला जे आठवत होतं ते त्यानं म्हटलं, बाकीच्यांनी मान डोलावली, आणि तेव्हापासून सगळी शिकवण माणसांच्या तोंडातच राहत आली होती. या विहारात प्रत्येक जोडीकडे एक भाग असे. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, चूक झाली की बोट जमिनीवर आपटायचं. एकट्यानं पठण करायचं नाही. एकट्या माणसाची आठवण फार सफाईनं खोटं बोलते, असं थोरले भंते म्हणत. आता तोंडंच मिटत चालली, तेव्हा उरलंय तेवढं ताडपत्रांवर उतरवायचं ठरलं. पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी एक जहाज समुद्रापलीकडे निघणार होतं. तिकडच्या लोकांच्या कानांवर धम्म पडला होता, पण म्हणून दाखवणारं कुणी नव्हतं. पानं त्या जहाजातून जायची होती.

लेखनिक म्हणजे गावातला सगळ्यात सुबक हात आणि सगळ्यात वाकडं तोंड. लोखंडी लेखणीनं पानावर अक्षर कोरायचं, वरून तेलात कालवलेली काजळी चोळायची, फडक्यानं पुसायचं. कोरलेल्या रेघेत काळं राहतं, बाकी पान स्वच्छ. या कामात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. धम्माशी मात्र त्याचं उभं वैर होतं. तो सहा वर्षांचा असताना त्याचा वीस वर्षांचा थोरला भाऊ घर सोडून याच विहारात आला आणि पुन्हा म्हणून फिरकला नाही. आई गेली तेव्हा निरोप धाडला, बाप गेला तेव्हा धाडला. हूं नाही की चूं नाही. आणि आता दुष्काळात तोही गेला, हे कळलं ते एका कुंभाराकडून. लेखनिक बायकोला म्हणाला, जातो, लिहितो, आणि एवढंच शोधून येतो की त्या शहाण्याला चाळीस वर्षांत कधी माझी आठवण तरी यायची का. मेलेल्या माणसाची उलटतपासणी कशी करणार, असं तिनं विचारलं. तरी तो गेला.

त्यानं मुद्दाम मागून घेतलं ते भावाच्या जोडीदाराचं काम. हे म्हातारे भंते डोळ्यांनी पूर्ण अधू होते, आवाज मात्र खणखणीत. त्यांचा भाग प्रश्नोत्तरांचा होता, जुन्या शिष्यांनी एकमेकांना विचारलेले दोनशे प्रश्न. भंते एक प्रश्न म्हणत, मग थांबत, डोकं किंचित कलतं करून समोरच्या रिकाम्या आसनाकडे कान देत. एका उत्तराला लागेल तेवढा वेळ गेला की मान डोलवून पुढचा प्रश्न म्हणत. लेखनिक बाजूला बसून कोरत राहिला. त्याला वाटलं, आधी सगळे प्रश्न, मग सगळी उत्तरं, अशी काही रीत असेल. तिसऱ्या दिवशी प्रश्न संपले आणि भंते काठी चाचपत उठायला लागले.

‘आणि उत्तरं?’ त्यानं विचारलं.

भंते पुन्हा खाली बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोघांनी सगळंच पाठ करायचं, असा नियम होता. पण वय कोवळं, प्रश्न दोनशे, उत्तरं दोनशे आणि अंगात आळस. तू उत्तरं कर, मी प्रश्न करतो, असं दोघांनी वाटून घेतलं. पठणाला कायम एकत्रच बसायचं, त्यामुळे चाळीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती उघडली तर आत अर्धंच निघालं. उत्तर कानावर पडलं तर ओळखेन, भंते म्हणाले, चुकलं तर बोट आपोआप पडेल. पण आठवून म्हण म्हटलं तर जमत नाही. लेखनिकाला हसावं की रडावं कळेना. थोरल्या भंतेंना हे सांगितलं तेव्हा ते रागावलेही नाहीत. नुसते प्रश्न पाठवता येणार नाहीत, एवढंच म्हणाले. पलीकडची माणसं आपल्या मनानं उत्तरं भरतील आणि तीच धम्म म्हणून सांगत सुटतील.

चौथ्या दिवशी म्हाताऱ्या भंतेंनी त्याला सांगितलं, ‘उपासका, तू समोर बस. आसनावर कुणी असलं की निदान मला उत्तरांची लय तरी सापडेल.’

भावाच्या आसनावर बसायची लेखनिकाला काही हौस नव्हती. पण बसला. चटईला मधोमध खळगा पडला होता आणि तो त्याच्या मापाचा निघाला. आसन उबदार होतं. ऊन तिथवर पोचत नव्हतं.

‘दुःख कशानं उभं राहतं?’ भंतेंनी म्हटलं.

‘धरून ठेवल्यानं,’ लेखनिक म्हणाला.

म्हणाला म्हणजे काय, त्याच्या तोंडून निघालं. जांभई येते तसं. जबडा सुटला, जीभ हलली, आणि त्याच्या नेहमीच्या किरकिऱ्या आवाजापेक्षा दोन पट्ट्या खालचा, निवांत आवाज बाहेर पडला. त्यानं लेखणी उचलली होती ती लिहायला, बोलायला नव्हे. भंतेंचं बोट जमिनीपासून चार अंगुळं वर थांबलं होतं. ते पडलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला, पण चाळीस वर्षांची सवय कुठं जाते. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न म्हटला. त्याचंही उत्तर आलं.

दुपारपर्यंत तीस उत्तरं झाली. लेखनिकानं तोंड बोलेल ते कोरायचं आणि कोरताना मोठ्यानं वाचायचं, असं चाललं. जेवणानंतर त्यानं तोंडात फडक्याचा बोळा कोंबून पाहिला. उत्तर घशात गुणगुणत राहिलं आणि दात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यानं बोळा काढला. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम एका उत्तरातला शब्द वाचताना बदलला. बोट खाडकन जमिनीवर आपटलं. म्हणजे म्हातारा उगाच मान डोलवत नव्हता. भुताटकी म्हणावी तर भूत दिसत नव्हतं, ढोंग म्हणावं तर ढोंगी तो स्वतःच होता. एकशेबारावा प्रश्न असा होता, बोलतो तो कोण? उत्तर आलं, बोलणं आहे, बोलणारा सापडत नाही. लेखनिकाच्या अंगावर सरसरून काटा आला, कारण त्याच क्षणी त्यानं आत शोधून पाहिलं आणि त्यालाही कुणी सापडलं नाही.

पौर्णिमेला लिहायचं काम बंद असे. तो घरी आला. बायको खूश होती, तिनं त्याच्या विहारातल्या हडकुळ्या अवताराची मनसोक्त थट्टा केली. जेवताना तिनं सहज विचारलं की हे काम संपणार तरी कधी. लेखनिकाचा घास हातात राहिला.

‘जे सुरू होतं ते संपतं,’ त्याचं तोंड म्हणालं. ‘त्याला कुणाची परवानगी लागत नाही.’

बावीस वर्षं या माणसाशी भांडून तिला त्याचा आवाज तोंडपाठ होता. एवढं शांत तो झोपेतही बोलत नसे. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

‘हे तुम्ही नाही बोललात,’ ती म्हणाली.

त्यानं मग सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही तोंड घातलं नाही, यावरूनच ती किती घाबरली हे त्याला कळलं. शेवटी ती म्हणाली, ‘तुमच्या दादाला तुमची आठवण यायची की नाही, ते नाही कळलं तरी चालेल मला. तुम्ही धडपणे परत आलेले हवेत.’

‘मला नाही चालणार,’ तो म्हणाला. हा आवाज त्याचा होता. तिला त्याचंही बरं वाटलं नाही.

परत गेल्यावर त्यानं आसनावर बसल्या बसल्या सरळ विचारलं. भंतेंनी प्रश्न म्हणायच्या आधीच, रिकाम्या आसनांमधे, स्वतःच्याच तोंडाला. दादा, मी कधी आठवलो का तुला? तो जबडा सैल सोडून थांबला. काहीही आलं नाही. भंतेंचं बोट मात्र जमिनीवर पडलं, कारण हे भागात नव्हतं. लेखनिकाचं डोकं सणकलं. दुःख, तृष्णा, आसक्ती, सगळ्या जगाच्या प्रश्नांना या माणसाकडे उत्तरं होती. पाठच्या भावाच्या एका प्रश्नाला नव्हतं. त्यानं पुढची तीन पानं इतक्या रागानं कोरली की एक फाटलं.

असे दिवस करत एकशेनव्व्याण्णव उत्तरं झाली. जहाजाला दोन दिवस उरले होते. शेवटचा प्रश्न म्हणायच्या आधी भंते जरा घुटमळले. आणि लेखनिकानं पाहिलं, त्यांनी बोट नेहमीपेक्षा उंच उचलून धरलं होतं, जणू काय येणार हे त्यांना माहीत होतं.

‘सगळं सोडून निघालेल्याला काय सुटत नाही?’

‘मुंगळ्या,’ लेखनिकाचं तोंड म्हणालं.

बोट जमिनीवर आपटलं. लेखणी लेखनिकाच्या हातातून गळून पडली.

ते त्याचं नाव होतं. दादानं ठेवलेलं, आणि दादाशिवाय कुणी घेतलेलं तो चालवून घेत नसे, आईनंसुद्धा. लहानपणी तो दादाच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी घालून लोंबकळायचा. मुंगळा तुटेल पण सुटणार नाही, तसा. दादा निघाला त्या सकाळी उंबऱ्यात त्यानं असाच पाय धरला होता, आणि दादानं खाली वाकून त्याचं एकेक बोट सोडवलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षं हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

‘दर वेळी इथंच चुकायचा तो,’ भंते म्हणाले. ‘मी बोट आपटायचो, तो म्हणायचा, चुकलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संघासमोर बसलो की मी त्या जागी खोकायचो.’

‘मग खरं उत्तर काय होतं?’

‘मला कुठं ठाऊक? उत्तरं त्याच्याकडे होती.’

लेखनिक पोरासारखा रडला. चाळीस वर्षं तो ज्याच्या नावानं बोटं मोडत होता, तो चाळीस वर्षं रोज त्याला हाक मारत होता, आणि रोज वर चूक कबूल करत होता. आनंदानं छाती फुटेल की काय असं त्याला झालं.

पान मात्र पुरं करायचं होतं. एवढं सगळं कोरल्यावर त्या जागी काय शोभेल हे आता त्यालाही कळत होतं. ‘तृष्णा’ लिहिलं असतं तर थोरल्या भंतेंनी मान डोलावली असती. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तर देणाऱ्यानं चाळीस वर्षं तेच दिलं होतं. त्यानं ‘मुंगळ्या’ कोरलं, आयुष्यात काढलं नव्हतं इतकं सुबक, आणि काजळी चोळून पुसलं. पलीकडच्या किनाऱ्यावर मुंडन केलेली माणसं समोरासमोर बसून तो शब्द घोकतील, अर्थ लागेना म्हणून डोकी खाजवतील, कुणी विद्वान त्यावर भाष्यही लिहील. लिहू दे, असं तो मनाशी म्हणाला.

मग तो उठायला गेला आणि त्याला उठता येईना. बसून बसून पाय बधिर झाला असेल म्हणून त्यानं हिसका दिला. उजव्या पायाला वजन होतं. त्यानं खाली पाहिलं तर तिथं काही नव्हतं, फक्त नडगीभोवती वस्त्र घट्ट आवळलं गेलं होतं, दोन लहान हात मावतील एवढंच.

‘उठताना त्यालाही वेळ लागायचा,’ भंते पलीकडून म्हणाले. ‘खाली वाकायचा, एकेक करून काहीतरी सोडवायचा. मग उठायचा. मी कधी विचारलं नाही.’

लेखनिकानं हात खाली नेला. बोटांना बोटं लागली. लहान, घामेजलेली, हाडं जेमतेम असलेली. ती त्याची स्वतःचीच होती, सहा वर्षांच्या मुंगळ्याची; हे ओळखायला त्याला डोळ्यांची गरज नव्हती. दादा केव्हाच गेला होता. जो गेला नव्हता तो हा. याला आपण कधी इथं पाठवलं होतं, किंवा उंबऱ्यातून कधी परत घरी नेलंच नव्हतं, ते त्याला सांगता आलं नसतं. घरी बायको वाट बघत होती. त्यानं करंगळी सोडवायला घेतली आणि त्याचा हात थांबला.

‘रडू नको,’ तो आपल्या किरकिऱ्या आवाजात म्हणाला. ‘मी कुठं जात नाहीये.’

पकड आणखी घट्ट झाली, आणि तो पुन्हा आसनावर बसला.