पहिल्या उड्डाणाचे पाहुणे

तोफा आणि ट्रक उचलून नेणाऱ्या त्या अवजड लष्करी हेलिकॉप्टरचा सगळा भार वरच्या पंख्यावर असे, आणि पंखा फिरे एका बेअरिंगवर. ती जिथं दुरुस्त होत, त्या हँगरची एक रीत होती. ज्यानं बेअरिंग बसवलं, त्यानंच पहिल्या उड्डाणात बसायचं. मग कामात कुणी कुचराई करत नाही.

सगळा हँगर ज्यांना वहिनी म्हणे, त्यांचा नवरा तिथं फिटर होता; त्याच रीतीनं तो बसला. बेअरिंग फुटलं, हेलिकॉप्टर कोसळलं, आतलं कुणीच वाचलं नाही. बेअरिंगचा जळून गोळा झाला होता. चौकशीनं खापर मेलेल्या फिटरवरच फोडलं: बसवताना चूक केली.

सुटे भाग पुरवणारे शेठ सांत्वनाला आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "माणूस लाखाचा हो, पण हाताला सफाई नव्हती." शेठ जुनी बेअरिंगं घासूनपुसून नवी म्हणून खपवतात, अशी कुजबुज होती. वहिनींनी शेठवर डूख धरला आणि हँगरच्याच भांडारात नोकरीला लागल्या.

शेठचं पुढचं बेअरिंग आलं, तेव्हा त्या हँगरप्रमुख काकांकडे गेल्या. "या वेळी पुरवठेदारालाही उड्डाणात बसवा. नाही बसले तर माल परत."

"वहिनी, यातून तुम्हाला काय मिळणार?"

"मला नको काही. त्यांना मिळू दे."

शेठ हसतहसत आले. इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? वहिनी त्यांच्या समोरच्या बाकावर बसल्या. पायलट होता त्यांचा धाकटा दीर. सगळ्यांच्या कानांवर माइकवाले हेडफोन, खाली काकांच्या आणि हँगरमधल्या इतरांच्याही.

"वहिनी, तुम्ही कशाला?" शेठनी विचारलं.

"फिटर घरातला होता ना. रीत मोडायची नाही." त्यांनी पट्टा आवळला. "तुमचंच बेअरिंग आहे हं वर. अगदी नवंकोरं."

पंखा फिरू लागला. आधी पाती मोजता येत होती, मग नुसतं धूसर वर्तुळ उरलं. बाक थरथरू लागला. शेठची नजर छताला खिळली.

"हा आवाज... असाच येतो?"

"भाऊजी, असाच येतो का हो?"

"ह्यांनाच विचारा वहिनी, माल त्यांचा," दीर म्हणाला. "उचलतोय."

चाकांनी जमीन सोडली आणि शेठच्या तोंडचं पाणी पळालं. "खाली घ्या! अहो, जुनं आहे ते! घासून दिलंय!"

"आणि माझ्या नवऱ्याच्या वेळचं?"

"तेही! तेही जुनंच होतं! फिटरची चूक नव्हती, आता तरी उतरवा!"

काकांचा आवाज आला, "ऐकलं. इथं सगळ्यांनी ऐकलं."

वहिनी किंचित पुढं झुकल्या. "घाबरू नका. तुमचं बेअरिंग खोक्यातच आहे, माझ्या कपाटात. वर दुसऱ्या कंपनीचं बसवलंय."

शेठ हमसून हमसून रडायला लागले. "मग उतरवा ना, बाई. सांगितलं ना सगळं."

"वहिनी, घेऊ खाली?" दिरानं विचारलं.

शेठचा पट्टा सैल झाला होता. वहिनींनी तो हात लांबवून नीट आवळला, लहान मुलाचा आवळावा तसा.

"कशाला? आणखी वर घ्या, भाऊजी. ह्यांच्या बाजूचं दारही उघडा."