सोमवारचं तेल

धाकटीने बेचाळीस स्लाइड केल्या होत्या आणि त्यांतली एकही गाळता येणार नाही याची तिला पक्की खात्री होती. वहिनीने जेवणाच्या टेबलाशी बसून, घड्याळ समोर ठेवून त्या पाहायला घेतल्या. वहिनी शाळेत गणित शिकवायची. शेवटच्या तासाला चाळीस मुलांना जागं ठेवण्याचा तिला अठरा वर्षांचा अनुभव होता. सातव्या स्लाइडला तिने हात वर केला.

"थांब. माझा वर्ग इथे झोपला."

"अगं, आवाजाचा आलेख तर पुढेच आहे!"

"आवाज आलेखात कशाला दाखवतेस? ऐकव की. आणि जरा हळू बोल बाई, समोर माणसं बसणार आहेत, लेथ मशीन नाही."

हे मात्र खरं होतं. धाकटीच्या आईचा ट्रॉलीची चाकं बनवायचा छोटा कारखाना होता आणि तिथल्या धडधडाटात सगळेच घसा फोडून बोलायचे. घरी आल्यावरही 'मीठ दे' असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायचे. अशा घरातल्या पोरीने तीन वर्षं खपून बनवलं काय, तर अजिबात आवाज न करणारं चाक! वर त्याला थेंबभरही तेल लागत नव्हतं. फक्त ते कुणी घेत नव्हतं. शेवटी आईने तिला समोर बसवून सांगितलं होतं, "गुरुवारी हॉस्पिटलवाले 'हो' म्हणाले तर चाक राहील. नाहीतर शुक्रवारी साचा मोडीत घालायचा आणि पुन्हा ड्रॉवरची चाकं करायची. मग रडायचं नाही." आई बोलते ते करते, हे धाकटीला जन्मापासून ठाऊक होतं.

तेव्हा वहिनीपुढे शरणागती. बेचाळिसाच्या सहा स्लाइड झाल्या. आलेख गेले, कारखान्याचा इतिहास गेला, उद्घाटनाचा फोटोही गेला. उरल्या दोन खऱ्या ट्रॉल्या. एक गोदामातली जुनी, जी हलली की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवायचे. आणि दुसरी नव्या चाकांची. आधी जुनी फिरवायची, मग नवी. सांगायचं काहीच नाही, समोरच्यांनी आपल्या कानांनी ऐकायचं. धाकटीने आरशासमोर नऊ वेळा तालीम केली आणि नवव्या वेळी तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की आरशातल्या धाकटीला तिने टाळी द्यायचीच बाकी ठेवली.

आता तेलकाकांबद्दल. हे कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम तेलाची छोटी बुधली असायची. कुठेही काही करकरलं की त्यांचा हात तिकडे गेलाच म्हणून समजा. बँकेचा दरवाजा, दवाखान्यातली खुर्ची, एकदा तर अनोळखी माणसाची सायकल, मालक शेजारी उभा असताना. नव्या चाकांची परीक्षा घ्यायला धाकटीने ती लोखंडाचा चुरा वाहायच्या गाडीला वर्षभर लावली होती आणि गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'तेलकाका, हात लावू नका.' काकांनी वर्षभर हात लावला नाही. त्यांना ते किती जड गेलं, हे त्या गाडीपाशी खिशात हात घालून उभे राहिलेले काका पाहिले असते तर कळलं असतं. तीच चाकं, चुऱ्यात वर्षभर फिरलेली, आता नव्या ट्रॉलीला लावली होती.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता हॉस्पिटलच्या बैठकीच्या खोलीत चौघं बसले होते. खरेदी अधिकारी होते, ज्यांचं एक बोट सारखं टेबलावर वाजत होतं. त्यांच्याशेजारी सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. आणखी दोघं होते, पण ते बहुधा बिस्किटांसाठी आले होते. दाराशी तेलकाका दोन्ही ट्रॉल्या घेऊन उभे होते. धाकटीला मजा येत होती. पहिली स्लाइड हळू आवाजात झाली. दुसरी झाली. बिस्किटवाल्यांपैकी एकाने चक्क मान डोलावली. जमतंय, जमतंय, असं तिचं मन आतून ओरडत होतं.

"आता जरा कान सांभाळा," ती हसून म्हणाली. "काका, जुनी ट्रॉली आणा."

काकांनी जुनी ट्रॉली ढकलली. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. आवाज आला नाही. मांजर चालत जावं तशी गेली आणि उभी राहिली.

धाकटीने काकांकडे पाहिलं. काका खूश दिसत होते.

"काका," ती दातांवर दात ठेवून कुजबुजली, "हिला तेल घातलंत?"

"सकाळीच. केवढी कोकलत होती ती! असली ट्रॉली घेऊन चारचौघांत जायचं म्हणजे लाज गं."

"मी हात लावू नका म्हटलं होतं!"

"नव्या चाकांना म्हणालीस. जुनीबद्दल कुणी काही बोललंच नाही."

मग नवी ट्रॉली फिरली, तीही तशीच गुपचूप. दोन गप्प ट्रॉल्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि तीन वर्षांचं काम मातीत गेल्यासारखं झालं. खरेदी अधिकाऱ्यांचं बोट वाजायचं थांबलं.

"म्हणजे तेल घातलं की जुनी चाकंही चालतात," ते म्हणाले. "मग नवी कशाला? तेलाची बाटली घेतो आम्ही." आणि त्यांनी समोरची फाईल मिटली.

धाकटीला पुढच्या चार स्लाइडमधली एक ओळ आठवेना. डोळ्यांसमोर फक्त साचा दिसत होता, मोडीच्या टेम्पोत चढवलेला. एवढ्यात मोठ्या सिस्टर पहिल्यांदाच बोलल्या.

"बाटली आहे की साहेब. आम्ही दर सोमवारी तेल घालतो."

"मग झालं तर!"

"सोमवारी," सिस्टर पुन्हा म्हणाल्या. "आज गुरुवार."

आणि तेव्हाच, कुणी बोलावल्यासारखं, बाहेरच्या लांब कॉरिडॉरच्या टोकाला काहीतरी किंचाळलं. ते जवळ येत गेलं. बिस्किटवाल्याने बिस्कीट खाली ठेवलं. धाकटीने पळत जाऊन दार उघडलं. औषधांची ट्रॉली येत होती, कुणी पाय चिरडल्यासारखी विव्हळत.

"ताई, ही पाच मिनिटं देता का?" तिने ट्रॉली ढकलणाऱ्या परिचारिकेला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ट्रॉलीच आत ओढली. सिस्टरांनी पुढे होऊन वरचे औषधांचे ट्रे उचलले. धाकटीने रिकामी ट्रॉली आडवी केली आणि चाक साहेबांच्या नाकासमोर आणलं. आसाभोवती काळा चिकट गोळा होता, त्यात केस, दोरे आणि बँडेजचा एक तुकडा.

"काका, हे काय झालंय, साहेबांना सांगा."

काकांना भाषण जमत नसे, पण चाकाबद्दल बोलायचं तर त्यांना कुणी अडवू शकत नसे. "तेलाला सगळं चिकटतं, साहेब. धूळ, केस, दोरे. दोन दिवस गप्प बसतं, मग आधीपेक्षा जास्त ओरडतं. मी आयुष्यभर तेल घालतोय, मला विचारा. एकदा घातलं की कायम घालत बसावं लागतं."

"आणि हे आमचं चाक," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला होता आणि आता तिला तो आवरायचाही नव्हता. "वर्षभर लोखंडाच्या चुऱ्यात फिरलंय. हात लावून बघा. कोरडं आहे. काका, चढवा!"

हॉस्पिटलच्या ट्रॉल्यांचं माप तिने महिनाभर आधीच घेतलं होतं. काकांनी पाना काढला. नव्या ट्रॉलीची चार चाकं उतरली, औषधांच्या ट्रॉलीची चार निघाली, त्यांच्या जागी ही बसली. एकही स्लाइड चालू नव्हती आणि खोलीत एकही माणूस खुर्चीत नव्हता. बिस्किटवाल्यांपैकी एक जण चक्क खाली वाकून नट धरत होता.

"साहेब, तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहा," धाकटी म्हणाली. "ट्रॉली तुमच्याकडे येईल. ऐकू आली की हात वर करा."

साहेब थोडे संकोचले, पण राहिले उभे. खोली चिडीचूप. थोडा वेळ गेला.

"अहो, ढकला की," साहेब भिंतीला म्हणाले. "किती वेळ उभं करणार?"

"मागे बघा, साहेब."

ते वळले आणि त्यांचं पोट ट्रॉलीला लागलं.

मोठ्या सिस्टर आधी हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "रात्री अडीचला औषधं द्यायला निघाले की सगळा वॉर्ड जागा व्हायचा," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं मी पेशंटची माफी मागत फिरलेय. साहेब, ही ट्रॉली मी काही परत देणार नाही. उरलेल्यांचं तुम्ही बघा."

साहेबांनी मिटलेली फाईल उघडली. "सगळ्या वॉर्डांना," ते म्हणाले आणि सही करायला पेन शोधू लागले.

धाकटी कॉरिडॉरमध्ये धावली आणि तिने आईला फोन लावला. पलीकडे कारखाना धडधडत होता आणि आई "काय? काय?" करत होती.

"आई! साचा ठेव!" धाकटी जीव खाऊन ओरडली. "साचा मोडू नको! सगळ्या वॉर्डांना लागणार आहेत! सगळ्या!"

चार दारं धडाधड उघडली. मागून मोठ्या सिस्टर आल्या, ओठांवर बोट ठेवून.

"चाकं गप्प झाली हो," त्या म्हणाल्या. "आता तुमच्यासाठी काय आणायचं?"