पाट की माट

"साळू, माट आण," सरोजिनीबाई म्हणाल्या. बाईंच्या ओठांकडे टक लावून बसलेली माझी नात उठली आणि पाट घेऊन आली.

सतरंजीवर बसलेले शिकाऊ मास्तर हसले. त्यांतला शामकांत आमच्या मिरजगावच्या शाळेवर येणार होता. त्यानं घेतली, तर साळू शाळेत बसणार, नाहीतर शेरडांमागं.

"बाई, अशा मुलीला वर्गात घेऊन मी करू काय?"

मला राहवलं नाही. "हसता काय मास्तर? माज्या सासूला दोन्ही कान धड हुते, तिनं तरी माजं कवा ऐकलं?"

"आक्काबाई, थांबा." बाई रागावल्या नाहीत. विसाव्या वर्षी कुंकू गेलं, तेव्हा ही बाई मुंबईला जाऊन बहिऱ्यांना शिकवायचं शिकून आली. तेव्हापासून भिंगारच्या या खोलीत बहिरी पोरं आणि होणारे मास्तर एकाच सतरंजीवर बसवते.

त्यांनी सगळ्यांना कापसाचे बोळे दिले. मलासुद्धा. "कानात घट्ट घाला."

घातले, आणि छावणीतला बिगुल विझला. लढाईच्या गाड्या रस्त्यावरून ढगासारख्या सरकत गेल्या. उन्हाच्या पट्ट्यात धूळ सावकाश फिरत होती. विहिरीच्या तळाशी बसून वर पाहावं, तसं सगळं. म्हणजे माझी साळू रोज अशाच ठिकाणी राहते, असं वाटलं.

बाईंचे ओठ शामकांतकडे वळून हलले. तो ऐटीत उठला. कोपऱ्यातला भरला माट कवटाळून आणला. निम्मं पाणी धोतरावर. बाईंनी 'नाही' म्हणून मान हलवली आणि पाटाकडे बोट केलं.

साळू पोट धरून हसत होती. हसताना दिसली, ऐकू आली नाही.

बोळे काढल्यावर बाई म्हणाल्या, "ओठांवर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. चूक तिची नव्हती, माझी. शब्द एकटा द्यायचा नाही. 'तहान लागली, माट आण' म्हणायचं. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. शामकांत धोतर पिळत माझ्याकडे वळला. "सोमवारी पाठवा, आजी. पहिल्या रांगेत, माझ्या तोंडासमोर बसवतो."

"बसवाल न्हाईतर काय! तोंड तेवडं धुऊन येत जा," मी म्हटलं. डोळे मात्र भरले होते.

साळूचं बोचकं मी बांधलं. दोन वर्षं ती बाईंपाशी होती. मुलांकडे पाठ करून बाई कधीच बोलत नसत. त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या,

"जा, बाळ."

तेवढं मी ऐकलं.