खोक्यावरचा नंबर

श्रूजबरी गावातली तिघांची व्हिडिओ गेम कंपनी बुडून चाळीस वर्षं झाली. दोघे सोबती देवाघरी गेले. गेमच्या खोक्यावर छापलेला मदतीचा नंबर मात्र दिनकररावांनी घरी जपला होता. वाजत नसला तरी ते फोन रोज पुसायचे.

"बाबा, लँडलाइन कॅन्सल करा ना! स्पॅमशिवाय येतं काय?" लेक प्रीता दर रविवारी म्हणायची.

"कुणी गेममधल्या नदीपाशी अडलं तर?"

मंगळवारी खरंच फोन आला. दूरच्या प्लेनो शहरातून एक बाई विचारत होती, "आईच्या सामानात तुमचा गेम सापडलाय. ही नदी ओलांडायची कशी?"

होडी झाडामागे होती. पण एवढं सांगितलं, की ती फोन ठेवणार.

दिनकररावांनी खुर्ची ओढली. "सांगतो हं. आधी सांगा, गेममध्ये घरातून निघालात ते कुठल्या वाटेनं?"