पारडं खाली जाईपर्यंत

रसायनाच्या सरांना मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून घेतलं आणि बसा म्हणायच्या आधीच सांगून टाकलं, "सर, गेल्या वर्षी तुमचा विषय चार मुलांनी घेतला. त्यातली दोन चुकून आली होती. यंदा विज्ञानमेळा संपला की मी मुलांना सरळ विचारणार. पंधरा तरी हात वर आले पाहिजेत. नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. तुम्हाला खालच्या वर्गांचं सुलेखन देऊ."

सरांचं अक्षर असं होतं की फळ्यावर स्वतःच लिहिलेलं सूत्र वाचायला त्यांना कधीकधी मुलांची मदत लागे. ते "बरं" म्हणाले आणि बाहेर पडताना दाराऐवजी कपाटाकडे गेले.

मेळ्यात दाखवायचं काय, हा प्रश्न होता. सर कपाटातल्या बाटल्या चाचपत राहिले. भौतिकच्या सरांकडे ठिणग्यांचं यंत्र होतं. त्याला हात लावला की मुलींचे केस उभे राहत. रसायनाच्या कपाटात धडधाकट अशी एकच बाटली उरली होती, मॅग्नेशियम नायट्रेटची. पांढरे, साखरेसारखे खडे. सरांना हे मीठ मनापासून आवडायचं. लग्नाला एकट्याला बोलावलं तर सहा पाहुणे घेऊन येणारा एखादा नातेवाईक असतो ना, तसं ते होतं. त्याच्या प्रत्येक कणाबरोबर पाण्याचे सहा रेणू मुक्कामाला असतात. एवढ्यानेही त्याचं भागत नाही. ओलसर हवेत उघडं ठेवलं तर ते आणखी पाणी ओढून घेतं आणि शेवटी स्वतःच त्यात विरघळून जातं.

सरांनी ठरवलं, तराजू मांडायचा. एका पारड्यात पसरट काचेच्या बशीत हे मीठ, दुसऱ्यात त्याहून किंचित जास्त वजनं. मीठ हवेतलं पाणी पिऊन जड होत जाईल आणि कुणी बोट न लावता पारडं खाली जाईल.

त्यांनी घरी स्वयंपाकघरात रंगीत तालीम केली. बायको चुलीपाशी होती, शेजारी पाण्याचं पातेलं रटरटत होतं. तासाभरात पारडं खाली गेलं.

"पाहिलंस?" सर म्हणाले.

"पाहिलं की. मीठ ओलं झालं. आमच्या डब्यात रोज होतं, पण आम्ही कधी कुणाला बोलावत नाही."

"अगं, हे ते मीठ नव्हे."

"मग तिकीट लावा. आणि अहो, हे बघायला तासभर उभं कोण राहणार? मी तुमची बायको म्हणून राहिले."

सरांना रात्रभर तेच डाचत राहिलं.

मेळ्याच्या दिवशी थंडी कडाक्याची होती. हवा इतकी कोरडी की बोलताना ओठ फुटत. भौतिकच्या सरांना मोठं सभागृह मिळालं. रसायनाच्या सरांना नकाशे ठेवायची खोली मिळाली. तिच्या एकुलत्या एका खिडकीसमोर मोडक्या बाकांचा डोंगर रचलेला होता, त्यामुळे ती उघडायची सोय नव्हती. सरांनी तराजू मांडला, मागे मोठ्या अक्षरांत माहिती लावली. हे मीठ पाण्यात विरघळवून पिकांना देतात. पानांच्या हिरव्या रंगाच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो, तो कमी पडला की शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो. नायट्रिक आम्ल तीव्र करायचं असलं तर कारखान्यात हेच मीठ त्यातलं पाणी हिसकावून घेतं. माहिती सगळी बरोबर होती. मुलांनी ती 'काही तरी हिरवं' अशी वाचली आणि ठिणग्यांकडे पळाली.

पारडं हललं नाही. सरांनी घड्याळ पाहिलं, पारडं पाहिलं, परत घड्याळ पाहिलं. स्वयंपाकघरात जे तासाभरात झालं ते इथे दुपार होत आली तरी होईना. सभागृहातून टाळ्या ऐकू येत होत्या. सरांनी मनातल्या मनात सुलेखनाचा पहिला तास घेऊनही टाकला.

इतक्यात शंकासुर आली. वर्गात प्रश्न विचारून विचारून तिने हे नाव कमावलं होतं.

"सर, इथे काय होतं?"

"पारडं खाली जातं."

"कधी?"

सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "आज अजून तरी नाही."

तिने बाहेर जाऊन मैत्रिणींना सांगितलं की नकाशाच्या खोलीत सर सकाळपासून एका ताटलीकडे बघत उभे आहेत आणि काहीच होत नाहीये. ही बातमी ठिणग्यांपेक्षा जोरात पळाली. केस एकदा उभे राहिल्यावर त्यात नवीन काय उरतं? पण काहीच न होणं कुणी पाहिलं नव्हतं. पाच आली, दहा आली, मग मोजायची सोय राहिली नाही. कुणी म्हणे काटा हलला, कुणी म्हणे तुझं डोकं हललं.

"हलला रे, डावीकडे!"

"तुझी डावी का माझी डावी?"

"दोघांच्या डाव्या गप्प बसवा," सर म्हणाले. "आणि काट्यावर श्वास सोडू नका. तोंडावर हात ठेवा. श्वास लागला तर प्रयोग बिघडेल."

मुलांनी तोंडावर हात ठेवले. पण हाताआडून हसू फुटलं की फुस्सदिशी जास्तच वाफ बाहेर येई. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नकाशांवर चढून दोघं बसली. खिडकीच्या काचेवर आतून दव धरायला लागलं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा धुरकटला, पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा पुसून डोळ्यांवर चढवला तेव्हा पारडं खाली झुकलेलं होतं.

 खोलीत असा गलका झाला की सभागृहातले भौतिकचे सर यंत्र बंद करून बघायला आले, आणि त्यांना आत शिरता आलं नाही.

"सर," शंकासुर म्हणाली, "सकाळपासून का नाही गेलं? आत्ताच का?"

सर बशीवर वाकले. बशीतल्या खड्यांच्या कडा चकाकत होत्या, ओल्या. त्यांनी काचेवरचं दव पाहिलं, मुलांच्या लालबुंद चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि कान गरम झाले.

"मीच दरवर्षी वर्गात लिहून देतो," ते म्हणाले. "हवेतला ओलावा शंभरात साधारण त्रेपन्नच्या वर गेला तरच हे मीठ पाणी ओढतं. त्याखाली ढुंकून बघत नाही. आज बाहेरची हवा कोरडी आहे. सकाळी मी इथे एकटा होतो, एकट्याचा श्वास किती पुरणार? तुम्ही सगळे आलात, तुमच्या श्वासातलं पाणी या खोलीत साठलं, ते याने प्यायलं."

"म्हणजे आम्ही पारडं खाली नेलं?"

"तुम्हीच. आणि मी तुम्हाला तोंडं झाका म्हणत होतो."

मुलं हसून हसून एकमेकांवर पडली, त्यामुळे ओलावा आणखी वाढला आणि पारडं बुडाशी टेकलं. एकाला लगेच वाटलं की आपण सगळे बाहेर गेलो तर ते परत वर येईल. दुसरा म्हणाला वर येईल, पण बघणार कोण? यावर वाद पेटला. सरांनी भिंतीला टेकून तो ऐकला. त्यांच्या तासाला वाद कधी झाला नव्हता.

मोठ्या बाई दारातून वाट काढत आल्या. "काय हा कोंडमारा. कुणीतरी ती खिडकी उघडा."

"नको!" सगळी खोली एका आवाजात म्हणाली. सरांचाही आवाज त्यात होता, आणि तो सगळ्यात मोठा निघाला म्हणून ते दचकले.

बाईंनी आधी तराजूकडे पाहिलं, मग नकाशांवर बसलेल्या दोघांकडे. "पुढच्या वर्षी रसायन कोणाला हवंय?"

हात वर झाले. दाटीमुळे काहींना हात वर काढता येईनात, त्यांनी "माझा खाली अडकलाय, धरा" असं ओरडून सांगितलं. बाईंनी मोजणी अर्ध्यावर सोडली.

"पुरे," त्या म्हणाल्या. "कुलपाचं राहू दे. पण सर, एवढी मुलं तुम्ही इथे धरून ठेवलीत तरी कशी?"

 आयुष्यात पहिल्यांदाच सरांना बढाई मारायची संधी होती, पण खोटं बोलायची सवय नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "त्यांची खात्री होती की काहीच होणार नाही."